मुंबईला हवी होती जुनी खरखर

“अंकल, हे सगळं फारच नवीन आहे हो,” तन्मय म्हणाला. माझ्या डिजिटल रेकॉर्डरकडे तो असा बघत होता, जणू जेवायला बोलावून मी त्याच्या पानात शिळं वाढलं होतं.

मशीन नुकतंच आलं होतं. अख्ख्या जालना जिल्ह्यात तसं दुसरं नव्हतं, आणि ही माहिती मी स्टुडिओत येईल त्याला चहाच्या आधी देत असे. तन्मयलाही दिली होती. त्याच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही म्हणून पुन्हा एकदा दिली.

“मला जुनं पाहिजे. व्हिंटेज. तुमच्याकडे जुनं काय आहे?”

“मी आहे,” मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याच्या मागे उभी असलेली द्वारका मात्र तोंडावर ओढणी धरून हसली.

तन्मय मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस. कार्डावर त्याचं पद इतकं लांब होतं की ते पुढच्या ओळीत गेलं होतं. कंपनीच्या कोणत्या गायकाने काय गायचं आणि कसं गायचं, हे तो ठरवायचा. तो स्वतः गात नसे, त्यामुळे ठरवायला त्याला वेळ भरपूर मिळे. “सर म्हणू नका, नुसतं तन्मय म्हणा,” असं तो प्रत्येकाला सांगायचा. मुंबईहून आलेल्या माणसाला जालन्यात नुसत्या नावाने कोण हाक मारणार? सगळ्यांनी त्याचा ‘तन्मयसर’ केला. मी तेवढा नुसतं तन्मय म्हणायचो, कारण तो मला अंकल म्हणत होता.

द्वारकेला महाराष्ट्र ‘रिया’ या नावाने ओळखत होता. मी तिला ओळखत होतो ते भोकरदनकडच्या एका शेतकरी घरातली, बोलताना समोरच्याच्या कानठळ्या बसवणारी मुलगी म्हणून. जालना हे बियाण्यांचं गाव. पेरणीच्या आधी कंपन्यांच्या प्रचाराच्या जीपा आठवडी बाजारांतून फिरतात. टपावर कर्णा आणि कर्ण्यातून गाणं. ती गाणी जुन्या जालन्यात, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वर असलेल्या माझ्या स्टुडिओत व्हायची. माझं घर त्यावर चाललं. द्वारका ती गाणी गायची. तिचा आवाज जाड आणि रुंद. तिने गायलेलं कापसाच्या बियाण्याचं गाणं बाजाराच्या टोकाला बांधलेल्या बैलालासुद्धा ऐकू जात असे.

हाच आवाज ऐकून मुंबईच्या कंपनीने तिला नेलं आणि नेल्याबरोबर बदलायला घेतलं. आधी नाव बदललं, कारण द्वारका ऐकून लोकांना यात्रेची बस आठवेल असं त्यांचं म्हणणं होतं. मग कपडे बदलले. मग आवाज. ते दिवस पॉप अल्बमचे होते. टीव्ही लावला की कुठली तरी मुलगी समुद्राकाठी उड्या मारत बारीक आवाजात गात असायची. द्वारकेला तिच्या पट्टीपेक्षा दोन सूर वर गायला लावलं, आणि तरीही जो जाडपणा उरला तो मशीनने काढला. अशी मशीनं असतात. गायलेला आवाज त्यात घातला की तो वर चढवता येतो, पातळ करता येतो. पहिली कॅसेट चालली. दुसरी दुकानातच बसली. करारात आता एकच कॅसेट उरली होती, आणि ती पडली की रियाही संपणार होती.

तेवढ्यात मुंबईत जुन्याची फॅशन आली. त्याला म्हणायचं रेट्रो. रेट्रो म्हणजे जुनं नव्हे, जुन्यासारखं. कंपनीने ठरवलं की रियाने आता रेट्रो व्हावं. द्वारका म्हणाली, जुने वाजवणारे आमच्या जालन्यात आहेत, तिथेच रेकॉर्ड करू. जालना पुण्याच्या आसपास कुठे तरी असेल अशा समजुतीने तन्मयने होकार दिला. प्रवासात त्याची समजूत दुरुस्त झाली, पण तोवर कंपनीने माझ्याशी बोलणं पक्कं केलं होतं.

पहिल्या दिवशी इस्माईलमास्तर आले. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवलेली. तन्मयने त्यांच्याबद्दल ऐकलं होतं आणि तो त्यांच्या पायाच पडणार होता. मास्तर सफारी घालून आले. काखेत नवा कोरा कीबोर्ड.

“साब, अब सब इसमें है,” ते म्हणाले. “क्लॅरिनेट है, शहनाई है, बंदूक भी है.” आणि त्यांनी बटण दाबून बंदूक उडवून दाखवली.

“मास्टरजी, तुमची जुनी क्लॅरिनेट कुठंय?”

“वो? घर पे है. वो कायकू साब? उसका जमाना गया.”

त्यांना समजावता समजावता दोन वेळा चहा झाला. शेवटी मास्तर क्लॅरिनेट आणायला घरी गेले. पण कीबोर्ड इथेच ठेवून गेले. साहेबांचा विचार बदलला तर हाताशी असावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी पेटी आली. तिची गोष्ट अशी, की येता येता वाट वाकडी करून तन्मय राजूरला गणपतीच्या दर्शनाला थांबला होता. तिथे गणपतराव नावाच्या गृहस्थांच्या भजनी मंडळाची एक पेटी त्याच्या नजरेस पडली. भाता फाटलेला, पट्ट्या पिवळ्या, वाजवताना सुराइतकीच हवा ऐकू यायची. तन्मय वेडाच झाला. “हाच तो साऊंड!” म्हणाला आणि पेटीसकट गणपतरावांना जालन्याला यायचं आमंत्रण देऊन आला.

गणपतराव जीप करून आले. पेटीवर नवी चादर होती. त्यांनी ती अशी बाजूला केली, जणू आत मूर्ती असावी. पेटी पोपटी झाली होती. ऑइल पेंटचा वास अजून मारत होता.

“सर, भाता नवा टाकला,” गणपतराव अभिमानाने म्हणाले. “सूर घासून घेतले. पट्ट्या बदलल्या. आता बिलकुल हवा मारत न्हाई.”

तन्मयने पेटीला बोट लावून बघितलं. “पण... का?”

“का म्हंजे? मुंबईच्या रेकॉर्डात आपली पेटी जाऊन राह्यली. मंग तशीच फाटकी पाठवावं का? गावाची इज्जत हाय का न्हाई?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की आधी दाराला रंग लागतो. ज्याला फाटकंच बघायचं आहे, असा पाहुणा गणपतरावांना याआधी भेटला नव्हता.

मग तन्मयने बॅगेतून एक सीडी काढली. तिच्यात होती नुसती खरखर. जुन्या तबकडीवर सुई फिरताना येते ती. परदेशात रेकॉर्ड केलेली, उत्तम प्रतीची खरखर. “ही प्रत्येक गाण्याखाली टाकू,” तो म्हणाला. म्हणजे पेटी राजूरची, क्लॅरिनेट जालन्याची आणि जुनेपणा तेवढा इंपोर्टेड.

आता थोडं कामाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक गळा वेगवेगळा रेकॉर्ड करतात. त्या प्रत्येकाला ट्रॅक म्हणतात. गायक काचेच्या खोलीत एकटा उभा राहतो, कानाला हेडफोन लावतो, आणि त्याच्या ट्रॅकवर फक्त त्याचा आवाज येतो. ताटात भात वेगळा, वरण वेगळं, तसं. मग ज्याला जे कमी-जास्त करायचं ते करता येतं. एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरला तर त्याला लीकेज म्हणायचं. लीकेज म्हणजे रेकॉर्डिस्टची नाचक्की. ते होऊ नये म्हणून मी भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, त्याही आमच्या लग्नातल्या.

मी नेहमीप्रमाणे माइक मांडायला घेतले, तेव्हा द्वारका पुढे आली.

“तन्मयसर, जुन्या काळी असं नव्हते करत ना? सगळे एकाच खोलीत बसायचे. गाणारी, वाजवणारे, समदे. एकदम.”

तन्मयचे डोळे चमकले. “लाइव्ह! अंकल, हे शक्य आहे?”

“शक्य आहे,” मी म्हणालो. “पण सगळ्यांचं सगळ्यांत मिसळेल. नंतर काही वेगळं काढता येणार नाही. एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून.”

“ब्यूटिफुल! किती ऑथेंटिक!” तन्मय म्हणाला आणि ही कल्पना आपल्याला सुचल्याचं बॉसला कळवायला खाली पीसीओवर गेला.

मी द्वारकेकडे वळलो. “तुला काय खूळ लागलंय? एवढं मशीन मी खिचडी शिजवायला आणलं का?”

“खिचडीच पायजे, भाऊ.” तिने आवाज खाली घेतला. “माझा आवाज एकटा हाती लागला की हे लोक त्याला मशीनमंदी घालतात. दोन कॅसेटी झाल्या. माझ्या आईनं ऐकल्या आन् मला इचारलं, यात तुझं गाणं कोणतं? ही शेवटची हाय. ह्याच्यात मी ऐकू आले न्हाई, तर मंग कोणालाच कधी ऐकू येत न्हाई. मास्तरला माझ्या शेजारी बसवा. पेटी माझ्या पायाशी ठेवा. असं गुतवून टाका की कोणाच्या बापाला सोडवता येऊ नये.”

मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि भिंतीवरच्या गाद्या काढायला लागलो. लीकेज टाळण्यात माझी हयात गेली होती. त्या दिवशी मी लीकेज मन लावून घडवून आणलं. मास्तरांची क्लॅरिनेट द्वारकेच्या माइकपासून हातभर अंतरावर आणली, पेटी त्याहून जवळ. माझ्या धंद्यातल्या कुणी ती मांडणी पाहिली असती तर माझ्या घरी निरोप धाडला असता की यांना आता आराम द्या.

तन्मय वर आला, सगळे एका सतरंजीवर बसलेले पाहून त्याने फोटो काढले, आणि आम्ही सुरू केलं.

द्वारका गायला लागली आणि माझा धीर खचला. आवाज बारीक येत होता. मशीन नव्हतं, काही नव्हतं, तरी बारीक. इतकी वर्षं दोन सूर वर गाऊन गळ्याला तीच सवय लागली होती. एक टेक झाला. दुसरा झाला. तिला स्वतःलाही कळत होतं. ती मध्येच थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा त्याच उंच दोरीवर चढायची. सगळी मांडणी तिच्या आवाजासाठी केली होती आणि आवाजच आला नव्हता.

तिसऱ्या वेळी इस्माईलमास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली.

“बाई, ये कौन गा रा है?” त्यांनी शांतपणे विचारलं. “बियाण्याचं गाणं गायची, वो लडकी किधर है?”

“ती मेली, मास्तर,” द्वारका तडकून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“नको बोल ऐसा. गणपतराव, नीचे लो. और नीचे.”

गणपतरावांनी पट्टी उतरवली. नवा भाता, घासलेले सूर. पेटी खालच्या सुरांत गुरगुरली. द्वारका उभी राहिली. तिने पायातल्या उंच टाचांच्या चपला काढून दारापाशी भिरकावल्या. सतरंजीवर अनवाणी उभी राहून तिने तोंड माइककडे न करता खिडकीकडे केलं, बाजारात हाक मारावी तसं, आणि गायली.

तो आवाज आला. माझ्या मीटरचे काटे उजवीकडे जाऊन आपटले. खालच्या दुकानात कापड फाडण्याचा आवाज थांबला. मला भरून आलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. इतकी वर्षं हा आवाज मी बियाणं विकायला वापरला आणि मुंबईने तो वापरलाच नाही. गाणं संपलं तेव्हा गणपतराव भजनात म्हणतात तसं मोठ्याने देवाचं नाव घेणार होते. मी हाताने त्यांना थांबवलं, कारण टेप चालू होती.

पुढची सगळी गाणी त्याच पट्टीत, त्याच सतरंजीवर झाली. मास्तरांनी कीबोर्ड घरी नेला.

तन्मय अस्वस्थ होता. “अंकल, आवाज थोडा हेवी नाही वाटत?” त्याने बॉसला फोनवरून एक गाणं ऐकवलं. बॉसचा हुकूम लगेच आला: नेहमीप्रमाणे वर चढवा, पातळ करा.

“करतो,” मी म्हणालो. द्वारकेचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्या माइकचा ट्रॅक मशीनमधून सोडला आणि चढवला. द्वारकेचा आवाज चढला, त्याच्याबरोबर त्याच माइकमध्ये शिरलेली क्लॅरिनेट चढली आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ओरडायला लागली. पेटीचं तर जत्रेतलं खेळणं झालं. दुसऱ्या माइकांत तेच सगळं खालच्या पट्टीत होतं. दोन्ही मिळून जे काय ऐकू येत होतं, ते ऐकून गणपतरावांनी पायात चपला घातल्या.

“बंद करा!” तन्मय कानावर हात ठेवून म्हणाला. “फक्त तिचा आवाज घ्या ना.”

“फक्त तिचा आवाज यात कुठेच नाही. तुम्हीच ऑथेंटिक म्हणालात.”

“मग परत रेकॉर्ड करू. काचेच्या खोलीत.”

“मी न्हाई,” द्वारका म्हणाली. “मी समदी गाणी गायले. कराराबराबर काम झालं माझं.”

कॅसेट दिवाळीच्या आत बाजारात आणायची होती. जाहिराती ठरल्या होत्या, कव्हर छापायला गेलं होतं. तन्मयने फोनवर बराच वेळ बॉसचं ऐकून घेतलं. परत आला तेव्हा त्याने सुवर्णमध्य शोधला होता. “आवाज राहू दे. पण खरखर वाढवा. लोकांना कळलं पाहिजे की हे मुद्दाम जुनं आहे.”

मी खरखर वाढवली. “अजून,” तो म्हणाला. मी अजून वाढवली. शेवटी द्वारका गाते आहे आणि शेजारी कुणी तरी भजी तळतंय, असं ऐकू यायला लागलं तेव्हा त्याचं समाधान झालं. टेप घेऊन तो मुंबईला गेला. जाताना मला म्हणाला, “अंकल, तुम्ही खूप शिकलात या प्रोजेक्टमध्ये.”

कॅसेट आली. भोकरदनपासून तेव्हाच्या औरंगाबादपर्यंत लोकांनी उत्साहाने घेतली, आणि तितक्याच उत्साहाने परत आणली.

आमच्या चौकातले कॅसेटवाले सुभाषशेठ माझ्याकडे धावत आले. “भाऊ, काय करून ठेवलं? गिऱ्हाईक म्हणून राह्यलं, वापरलेली कॅसेट विकली. बदलून दिली तर दुसरीत बी तेच. एकानं तर टेपचं हेड घासघासून टेपच खराब केला, आता तो टेपचा खर्चा मागून राह्यला!”

“ती खरखर मुद्दाम टाकली आहे, शेठ. जुनं वाटावं म्हणून.”

सुभाषशेठनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “भाऊ, लोकाच्या घरात जुनं कमी हाय का? नवी कॅसेट लोक कायला घेतात?”

जिल्ह्याजिल्ह्यातून कॅसेटींची खोकी कंपनीकडे परत गेली. मला वाईट वाटत होतं ते द्वारकेचं. तिने आवाज वाचवला होता, पण खरखर तिच्या हातात नव्हती. फोनवर ती एवढंच म्हणाली, “भाऊ, लोक खरखर ऐकून बंद करून राह्यलेत. गाण्यापोतर पोचतच न्हाई कोणी.”

त्यानंतर तन्मयचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच नम्रता होती. “अंकल, खरखर नसलेलं काही आहे का तुमच्याकडे?”

होतं. खरखर ही एकच गोष्ट या सगळ्यात मी वेगळ्या ट्रॅकवर ठेवली होती. तेवढं बटण बंद केलं आणि नवी टेप काढून पाठवली. कंपनीने तीच कॅसेट पुन्हा काढली. कव्हरवर मोठ्या अक्षरांत छापलं, ‘आता नव्या, स्वच्छ डिजिटल आवाजात’. ती लोकांनी घेतली आणि कुणीही परत केली नाही. रिक्षांत वाजली, लग्नांत वाजली, इस्माईलमास्तरांच्या बँडलाही फर्माईश यायला लागली. कंपनीने द्वारकेचा करार वाढवला. तन्मयला बढती मिळाली, कारण एकाच रेकॉर्डिंगमधून दोन अल्बम काढण्याची युक्ती कंपनीत आधी कुणाला सुचली नव्हती.

पुढे रिमिक्सची लाट आली. रिमिक्स म्हणजे गाणाऱ्याचा आवाज तेवढा उचलायचा आणि त्याखाली धडधडणारं नवं काही तरी घालायचं. सतरंजीवरचं रेकॉर्डिंग विसरून तन्मयने मला फोन केला.

“अंकल, रियाचा नुसता आवाज पाठवा. आवाज थोडा वर घेऊन फास्ट करायचाय.”

“नुसता आवाज नाही.”

“म्हणजे डिलीट केला?”

“नाही. वेगळा कधी घेतलाच नव्हता.”

मग त्याने विचारलं, “अंकल, मी कधी तरी नुसता आवाज मागेन, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?”

“मला नव्हतं,” मी म्हणालो. “गाणारीला होतं.”

ते रिमिक्स कधीच झालं नाही. द्वारकेला मी हे कळवलं तेव्हा ती बियाण्याच्या जीपवरून हसावं तशी हसली. मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. “कव्हरवर अजूनही रियाच छापतात, भाऊ,” ती म्हणाली, “छापू द्या; आई आता नाव न वाचता आवाज ओळखून राह्यली.”

मी आजही नव्या मुलांना शिकवतो की आवाज नेहमी वेगळा, एकटा आणि स्वच्छ घ्यावा, म्हणजे पुढच्याला त्याचं हवं ते करता येतं. धंद्याचा हा पहिला नियम आहे. गाणारी हुशार असेल तर तिला तो सांगू नये.